लाडू पुन्हा वळता येतात, पण पेपर?

मैत्रिणींनो, गेल्या रविवारी आमच्या घरी दुपारची झोप रद्द झाली. बाहेर पाऊस लागला होता आणि तरीही वीज गेलेली नव्हती (हे दोन्ही एकदम घडणं म्हणजे आमच्या गावात भाग्यच म्हणायचं!). लेकीने टीव्हीवर ‘इंग्लिश विंग्लिश’ लावला. सासूबाई, हे, लेक आणि मी, आणि मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट.

चित्रपट माझा पाहिलेला होता. २०१२ च्या ऑक्टोबरात तो लागला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थिएटरातून बाहेर पडताना हे म्हणाले होते, “तुझे बेसनाचे लाडूही काही कमी नाहीत हं!” आणि मी चक्क लाजले होते. आता इतक्या वर्षांनी तोच चित्रपट पाहताना ते वाक्य आठवलं आणि मनात म्हटलं, बाई गं, तू नक्की काय पाहून आली होतीस?

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शशी गोडबोले ही पुण्याची, चारचौघींसारखी गृहिणी. घर सांभाळून लाडू करून विकते. उत्तम लाडू! पण इंग्रजी येत नाही, म्हणून नवरा आणि लेक तिची येता-जाता थट्टा करतात. पालकसभेला आई आली की लेकीला लाज वाटते. भाचीच्या लग्नाच्या तयारीसाठी शशीला एकटीलाच न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथे एका कॅफेत साधी कॉफी मागताना तिची अशी काही फजिती होते की ती रडत बाहेर पडते. मग चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणारा वर्ग ती गुपचूप लावते. आणि फी भरते ती स्वतःच्या लाडवांच्या पैशांतून. हे लक्षात ठेवा बरं का!

श्रीदेवीचं काम काय वर्णावं! १९९७ च्या ‘जुदाई’नंतर पंधरा वर्षांनी ती मोठ्या पडद्यावर मुख्य भूमिकेत आली, आणि अशी आली की मधली वर्षं गेलीच नव्हती असं वाटावं. तिच्या त्या साड्या, विमानात भेटणारा अमिताभ बच्चन, वर्गातला तो फ्रेंच स्वयंपाकी, पाकिस्तानी टॅक्सीवाला, मेक्सिकोची आया... दोन तास कसे गेले कळत नाही. आणि घरातली प्रेमळ सासू आहे आपली सुलभा देशपांडे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे जिने उभी केली, तीच. आज दोघीही नाहीत. सुलभाताई २०१६ मध्ये गेल्या आणि श्रीदेवी २०१८ मध्ये.

दिग्दर्शिका गौरी शिंदे मूळची पुण्याची. तिची आई घरातून लोणच्यांचा व्यवसाय करायची, मराठी बोलायची, इंग्रजी फारसं यायचं नाही, आणि लहानपणी मुलीला त्याची लाज वाटायची. आईची माफी मागण्यासाठी आपण हा चित्रपट केला, असं तिने स्वतःच सांगितलं आहे. म्हणूनच की काय, यात खलनायक कोणीच नाही. नवरा सतीश दारू पिऊन मारत नाही, बाहेर भानगड करत नाही. कमावतो, बायकोवर प्रेम करतो. फक्त लग्नघरात सगळ्यांसमोर सहज म्हणून जातो, की माझी बायको जन्मालाच आली आहे लाडू करायला! आणि सगळे हसतात.

२०१२ मध्ये या वाक्याला मीही हसले होते. परवा ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे शेंगा सोलण्यात एकदम गढून गेले होते.

पुढे तो प्रसंग येतो. वर्गाची परीक्षा आणि भाचीचं लग्न नेमकं एकाच दिवशी. शशी पहाटेपासून खपून लाडू करते, आता निघणार, तोच मुलाच्या मस्तीत सगळे लाडू सांडतात. बाजारातून आणता आले असते की हो! पण नाही. ती पुन्हा पदर खोचते, पुन्हा लाडू वळते आणि परीक्षा बुडते.

इथे आमच्या सासूबाई एकदम म्हणाल्या, “पेपर बुडवायला नको होता तिने.”

मला वाटलं, नेहमीसारखं पडद्याशी बोलताहेत. पण त्या थांबल्या नाहीत. लग्नानंतर त्यांनी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला होता म्हणे. पहिलं वर्ष सुटलं. दुसऱ्या वर्षी मराठीच्या पेपरच्या दिवशीच धाकट्या दिरांचा साखरपुडा आला. पन्नास पानं उठायची होती. त्या पुरणाला बसल्या. तो पेपर राहिला, मग पुढचे राहिले, मग पुस्तकं माळ्यावर गेली.

मी विचारलं, “आई, तुम्हाला अडवलं कुणी?”

“अडवलं कुणीच नाही गं. पण ‘तू जा, पुरणाचं आम्ही बघतो’ असंही कुणी म्हणालं नाही.”

खोलीत कुणी बोलेना. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ह्यांना, त्यांच्या पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हती! आणि मी शाळेत अर्धवेळ का होईना, शिकवते. पालकसभेत मागच्या बाकावर पदर सावरून बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मुलाचं प्रगतिपुस्तक त्या हातात घेतात आणि लगेच नवऱ्याकडे देतात. त्यांची मला कणव यायची. घरच्या बाईच्या माळ्यावर काय आहे ते मात्र मी कधी विचारलं नाही. उलट मोबाईलवर त्यांचं काही चुकलं की लेकीबरोबर मीही हसायची.

‘पितृसत्ता’ हा शब्द भाषणात ऐकला की आपल्याला वाटतं, काठी घेऊन उभा असलेला कोणी सासरा असणार. तसे सासरे असतातही. पण पुष्कळ घरांत काठी नसते. तिथे एवढंच असतं, की पुरण कुणी वाटायचं हे न विचारताच ठरलेलं असतं. अडवायची गरजच पडत नाही, कारण निघायची वेळ आली की बाई आपणच पदर खोचते. आणि वर आपण तिला ‘गुणाची’ म्हणतो.

काहीजणी म्हणतात, चित्रपट फारच मऊ आहे. शेवटी शशी त्याच नवऱ्याबरोबर त्याच घरी परतते ना! १९८२ मध्येच ‘उंबरठा’तली स्मिता पाटील घराबाहेर पडली आणि ‘अर्थ’मधल्या शबाना आझमीने परत आलेल्या नवऱ्याला नकार दिला. अलीकडे ‘थप्पड’ (२०२०) मधली नायिका एका थपडेवर थांबते, आणि २०२५ च्या ‘मिसेस’मधली तर स्वयंपाकघरच सोडते. खरं आहे. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे बाईने निघावंच. तिथे लाडवांची गोष्ट सांगू नये. पण आपल्यातल्या कितीतरी जणींना घर सोडायचं नसतं. त्या घरात माणूस म्हणून राहायचं असतं. शशी लग्नात उठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे बोलते ते हेच, की नवरा-बायको ही बरोबरीची मैत्री आहे आणि घरच्यांनी घरच्या माणसाला कमी लेखू नये. नवरा आणि लेक मान खाली घालतात. ती ओरडत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

चित्रपट संपल्यावर लेक आजीजवळ जाऊन बसली आणि विचारू लागली, मराठीच्या पेपरला कोणती पुस्तकं होती. सासूबाईंना सगळी नावं पाठ! हे उठले आणि काही न बोलता चहा टाकला. साखर जास्त झाली होती, पण मी गप्प राहिले. तुम्हीही अशा वेळी गप्पच राहा, नाहीतर तो चहा पुन्हा मिळायचा नाही.

सासूबाईंना मी मुक्त विद्यापीठाबद्दल सांगितलं. आधी म्हणाल्या, “आता या वयात?” दोन दिवसांनी विचारलं, “फॉर्म कधी निघतात गं?” भरतील की नाही, देव जाणे. पण भरला तर पेपरच्या दिवशी घरात काय शिजेल, ते मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे: खिचडी, आणि ती हे करणार.

तेव्हा मैत्रिणींनो, हा चित्रपट एकट्या पाहू नका. सगळ्यांना बसवून पाहा. आणि लाडू सांडतात तिथे क्षणभर थांबवून घरातल्या मोठ्या बाईला विचारा, “तुमचा कोणता पेपर राहिला?”