फक्त ३८० किलोमीटर!

मुंबई-कोल्हापूर म्हणजे आपल्यासाठी काय? रात्री व्होल्वोत बसायचं, कानात गाणी घालायची आणि सकाळी थेट मिसळीवर ताव मारायचा. अंतर साधारण ३८० किलोमीटर. परवा नकाशावर टाइमपास करताना तेवढ्याच अंतरावरची दोन गावं सापडली आणि माझा अख्खा वीकेन्ड त्यांच्यातच गेला.

ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट. कॅनडाच्या नुनावुतमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही पार वर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या अनुक्रमे १४४ आणि १८३. म्हणजे आपल्या सोसायटीच्या दोन विंगा! पहिल्याच्या इनुइट नावाचा अर्थ 'जिथलं बर्फ वितळत नाही ती जागा', दुसऱ्याच्या नावाचा 'जिथे पहाट होत नाही ती जागा'. हिवाळ्यात तिथे खरंच काही महिने सूर्य उगवत नाही.

आता गंमत बघा. दोन्ही गावांत जवळजवळ १२ रेखांशांचा फरक आहे. आपल्याकडे एवढ्या फरकात पुण्याहून निघून थेट जगन्नाथपुरी गाठता येते, सुमारे साडेबाराशे किलोमीटर! पण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळजवळ येत जातात. विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असलेला एक अंश तिथे जेमतेम २८ किलोमीटरचा उरतो. भिंतीवरचा नकाशा मात्र उत्तर ताणून दाखवतो, त्यामुळे गावं उगाच लांब वाटतात.

मग जवळ आहेत म्हणायची? छे! मध्ये रस्ता नाही, समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला. उरतं ते ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, जास्तीत जास्त १९ सीट्सचं छोटं विमान. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी आखूड, खडीची आणि डोंगराला खेटून. हवा चांगली असेल तर दीडेक तासाचा प्रवास. धुकं उतरलं किंवा वारा सुटला, की बसा वाट बघत. मोठं हॉस्पिटल असो की बाळंतपण, विमानाशिवाय पर्याय नाही.

इथवर मला हे सगळं 'कूल' वाटत होतं. मग प्रश्न पडला, इतक्या वर माणसं राहायला गेलीच कशाला?

ती गेली नव्हती, नेली गेली होती. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआकच्या इनुइट कुटुंबांना सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला हलवलं. शिकार भरपूर मिळेल आणि नाही आवडलं तर दोन वर्षांत परत आणू, असं आश्वासन होतं. ते पाळलं गेलं नाही. आणि सगळे एकाच ठिकाणी उतरणार नाहीत, हे त्यांना कळलं ते जहाजावर! नातलगांची ताटातूट झाली. मी स्क्रीनवर मोजत होतो ते ३८० किलोमीटर त्यांच्यामध्ये येऊन पडले.

२०१० मध्ये सरकारने माफी मागितली. त्याच वर्षी दोन्ही गावांत स्मारकं उभी राहिली. ग्रीस फियॉर्डला लूटी पिजामिनीने घडवलेली बाई, सोबत लहान मुलगा आणि कुत्रा. ती बघतेय रेझोल्यूटच्या दिशेला. रेझोल्यूटला सिमिओनी अमागोआलिकने घडवलेला एकटा पुरुष. तो बघतोय ग्रीस फियॉर्डकडे.

रविवारी रात्री लॅपटॉप मिटला आणि कोल्हापूरला आईला फोन लावला. 'पुढच्या शुक्रवारी येतोय,' म्हटलं. 'काय रे, काही काम काढलंस?' तिने विचारलं.

काम काहीच नव्हतं. रस्ता आहे ना, म्हणून.