चक्कर म्हणजे नखरे नव्हेत!

गौरी-गणपतीला आम्ही सगळे साताऱ्याला सासरी जमतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माळ्यावरचं पुरणाचं पातेलं काढायचं होतं, तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘तेवढं तू काढतेस का गं? वर बघितलं की गरगरतं.’’ केर काढायला वाकल्या तरी भिंतीला हात. बीपी नाही, शुगर नाही, जेवण व्यवस्थित. मनात म्हटलं, कामाच्या वेळी बरी चक्कर येते! सांगलीला परतताना ह्यांना तसं बोलूनही दाखवलं.

महिन्याभरात पहाटे अंथरुणातून उठताना त्या पडल्या. मनगट मोडलं. विश्रांतीला माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मान एका बाजूला वळवून त्यांना झटकन आडवं केलं, तर बुबुळं थरथरायला लागली. बघून मीच घाबरले!

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की मान हलताच मेंदूला चुकीचा निरोप जातो आणि घर फिरायला लागतं. मिनिटभरात थांबतंही, म्हणून बघणाऱ्याला खरं वाटत नाही. पन्नाशीनंतर हा त्रास जास्त, त्यातही बायकांना अधिक. मान ठराविक क्रमाने वळवून हे कण जागेवर आणता येतात. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांची ही पद्धत. १९९२ मध्ये त्यांनी ती सविस्तर मांडली. पाच-दहा मिनिटांचं काम. जाऊबाईंना दोन खेपांत गुण आला.

तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत माझी नजरच बदलली. कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खी वळणारी, एकाच कुशीवर झोपणारी, न्हाताना डोळे मिटायला भिणारी, एकटीने बाजारात जायचं सोडलेली बाई आता लगेच ओळखू येते. ‘पित्त असेल’ म्हणत ती गप्प बसते. चक्कर मिनिटाची, पण पुन्हा येईल ही धास्ती दिवसभराची!

अर्थात प्रत्येक चक्कर अशीच नसते. कानात आवाज येऊन ऐकू कमी येत असेल, तर आजार वेगळा असू शकतो. अर्धशिशीतही चक्कर येते. मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहवेना, तर कांदा हुंगवत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. दोष कुठल्या कानात आहे हे डॉक्टर ठरवतात, म्हणून ऐकीव माहितीवर घरी माना वळवू नका. चक्करेच्या गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. काही गोळ्यांनी उतारवयात हातपाय थरथरू लागतात.

मैत्रिणींनो, घरातली कुणी ‘गरगरतंय’ म्हणाली, तर आधी तिचा हात धरा. मी तो धरला नाही, त्याबद्दल जाऊबाईंची माफी मागितली. यंदा पातेलं त्यांनीच काढलं. मी स्टूल धरून उभी होते.