निवडणुकीचे भाकीत आणि व्यापाऱ्याचा विवेक

व्यापार हा भविष्याविषयी बांधलेला अंदाज होय. पेरणीच्या वेळी पिकाचा, पीक हाती येताना भावाचा आणि माल उधार दिल्यावर वसुलीचा अंदाज आपणांस करावाच लागतो. निवडणुकीचा अंदाज हाही आता त्याच पंक्तीत येऊन बसला आहे. कारण कर्जमाफी, हमीभावावरील बोनस आणि आयात-निर्यातीचे धोरण ही सर्व सत्तेच्या हाती असतात. सातासमुद्रापलीकडील निवडणूकही आपल्या तराजूस हात लावते. अमेरिकेत २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. पुढे त्यांच्या जकातींस उत्तर म्हणून चीनने जुलै २०१८ मध्ये अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जकात बसविली आणि शिकागोचा भाव कोसळला. शिकागोच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या माळव्याच्या व्यापाऱ्यास याचे महत्त्व सांगावयास नको. तेव्हा भाकिताची ओढ स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, लढत अटीतटीची असता त्या भाकितावर किती भार टाकावा?

मी भोपाळच्या अयोध्या नगरात राहतो. सबब उदाहरण घरचेच देतो. मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान २८ नोव्हेंबर २०१८ रोजी झाले व मतमोजणी ११ डिसेंबरला. मधल्या तेरा दिवसांत करोंदच्या मंडीत गव्हाच्या भावाइतकीच चर्चा जागांच्या आकड्यांची चालली होती. मतदानोत्तर पाहण्यांपैकी एकीने भारतीय जनता पक्षास १२६ जागा दिल्या होत्या, तर दुसरीने नेमक्या तितक्याच काँग्रेसला! प्रत्यक्षात २३० पैकी काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या. बहुमताचा ११६ हा आकडा कोणासही गाठता आला नाही. मतांचा हिशेब तर याहून विलक्षण. भाजपला ४१.०२ टक्के व काँग्रेसला ४०.८९ टक्के मते पडली. म्हणजे मते ज्याची अधिक, त्याच्या जागा कमी! ग्वाल्हेर दक्षिणची जागा अवघ्या १२१ मतांनी फिरली.

अमेरिकेतही असेच घडते. तेथील राष्ट्राध्यक्ष थेट मतांच्या बेरजेने निवडला जात नाही. राज्यवार ठरणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी २७० ज्याच्या बाजूस, तो विजयी. २००० साली फ्लोरिडातील ५३७ मतांनी देशाचा अध्यक्ष ठरविला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते अधिक मिळूनही पराभव पत्करावा लागला. अशा ठिकाणी मतांचा अंदाज बरोबर आला, तरी निकालाचा चुकू शकतो.

आता या पाहण्यांचे मर्म पाहू. ते आपणा धान्यवाल्यांस इतरांहून लवकर उमगावे. पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढावयाचे आणि त्यावरून सबंध गाडीची प्रत ठरवावयाची, ही आपली नित्याची रीत. मतपाहणी म्हणजे मतदारांची वानगीच होय. परंतु वरच्या थरातीलच पोती पाहिली, तर तळाचा ओला माल कसा कळणार? १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका धाडल्या. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली. त्यावरून त्याने लँडन यांचा विजय वर्तविला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले. गरीब मतदार त्यांत अल्पच होता. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, परंतु सर्व थरांतील वानगी घेऊन विजेता अचूक सांगितला.

वानगी निर्दोष असली, तरीही तिला मर्यादा असतेच. एक हजार मतदार निःपक्षपणे निवडले, तरी आकडा सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. ही चूक निम्मी करावयाची, तर वानगी चौपट हवी. मग ०.१३ टक्क्याचा फरक तीत कसा दिसावा? ट्रक तोलण्याच्या धर्मकाट्यावर कोणी सोने तोलत नाही. दोष काट्याचा नसतो. त्याच्याकडून नको ते मागणाऱ्याचा असतो.

येथे आपल्या परंपरेतील स्याद्वादाचे स्मरण होते. प्रत्येक विधान कोणत्या तरी अपेक्षेने खरे असते, हे त्याचे सार. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी संख्याशास्त्राच्या पायाचा विचार करताना १९५०च्या दशकात याच स्याद्वादाचा परामर्श घेतला होता, ही गोष्ट आपल्या तरुणांनी अवश्य ध्यानी ठेवावी. ‘अमुक पक्ष जिंकेल’ असे ठणकावून सांगणाऱ्यापेक्षा ‘जिंकण्याचा संभव दहात सहा’ असे म्हणणारा अधिक प्रामाणिक. मात्र दहात सहा म्हणजे दहात चार वेळा हार, हे ऐकणाऱ्याने विसरता कामा नये.

ते विसरल्यास काय होते? माझ्या पाहण्यातील एका तरुण व्यापाऱ्याने त्या तेरा दिवसांत एका वाहिनीचा आकडा प्रमाण मानला आणि दुकानाचे खेळते भांडवल सरकार कोणाचे येणार या पैजेवर लावले. निकालाच्या संध्याकाळी रक्कम गेली. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या थकल्या आणि वडिलांनी चाळीस वर्षांत मिळविलेली पत राखण्यासाठी घरातील स्त्रियांचे दागिने गहाण पडले. फलोदीच्या सट्टाबाजाराचे आकडे कौतुकाने वाचले जातात. परंतु सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे, ते उगाच नव्हे.

आणखी एक सावधगिरी हवी. ‘लढत अटीतटीची आहे’ हेही एक भाकीतच असते. २०२३ साली आपल्याच राज्यात कित्येक पाहण्यांनी चुरस वर्तविली. निकालात भाजपला १६३ आणि काँग्रेसला ६६ जागा मिळाल्या.

यास्तव व्यापारी बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते. पाहणी जरूर वाचा. तीत किती माणसांस, कोठे व केव्हा विचारले, ते आधी पाहा. एकीवर न विसंबता चार पडताळून पाहा. खरेदी अशी ठेवा की, कोणताही पक्ष आला तरी दुकानाची पत शाबूत राहील. निकाल मतपेटीतून निघावयाचा आहे; आपली पत मात्र आपल्याच हाती आहे.