ब्राउझरमधला अर्ज अ‍ॅपमध्ये का दिसत नाही?

भोरहून वरंध घाट उतरताना रेंज गेली, तरी क्रोममध्ये अर्धवट भरलेला अर्ज टिकू शकतो. संकेतस्थळ तो फोनमधल्याच ‘लोकल स्टोरेज’मध्ये ठेवू शकतं. साधारण ५ एमबीची ही जागा. महाडला पोहोचून त्याच संकेतस्थळाचं अ‍ॅप उघडावं, तर अर्ज कोरा! माहिती पुसलेली नसते. अँड्रॉइडवर अशी बरीच अ‍ॅप्स ‘वेबव्ह्यू’ या आतल्या ब्राउझरवर चालतात आणि प्रत्येक अ‍ॅपचा साठा स्वतंत्र, इतरांना बंद असतो. ही भिंत हवीच. नाहीतर कुठलंही अ‍ॅप आपल्या बँकेच्या लॉगिनपर्यंत पोहोचेल. अ‍ॅपने ‘कस्टम टॅब’ वापरला, तर पान क्रोममध्येच उघडतं, साठाही तोच मिळतो. फोन बदलला तर मात्र तोही गेला. रेंज येताच अर्ज सर्व्हरवर, आपल्या खात्यात साठवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.