आधी नदी, मग रील!

परीक्षा संपल्या आणि ग्रुपवर नेपाळचा प्लॅन शिजला! व्हिसाची भानगड नाही, पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं (आधार कार्डावर मात्र भागत नाही). काठमांडूच्या थामेलमध्ये पाऊल टाकलं की राफ्टिंगच्या पाट्या दिसायला लागतात. फोटो सगळीकडे सारखाच, उसळतं पाणी आणि त्यात किंचाळणारी टोळी. मग ट्रिप निवडायची कशी? कुणी सगळ्यात स्वस्त उचलतं, कुणी सगळ्यात ‘डेंजर’. तुम्ही आधी नदी निवडा.

नदीच्या अवघडपणाला १ ते ६ अशी ग्रेड असते. १ म्हणजे जवळपास संथ पाणी. ३ म्हणजे भरपूर लाटा आणि सगळ्यांनी मिळून वल्हं मारायची तयारी. ५ हे अनुभवी लोकांचं काम, आणि ६च्या वाटेला सहसा कुणी जात नाही. पण ग्रेड कायमची नसते. पाणी वाढलं की तीच नदी एकदम अवघड होते. म्हणून बुकिंग करताना विचारा, ‘ही ग्रेड आजच्या पाण्याची की ब्रोशरमधली?’

पहिलीच वेळ असेल तर त्रिशूली बरी. काठमांडू-पोखरा रस्त्यालगत वाहते, नेहमीचा टप्पा ग्रेड ३च्या आसपासचा आणि एका दिवसात होतो. सेती त्याहून शांत. काली गंडकीवर साधारण तीन दिवस जातात, मुक्काम नदीकाठी. तिबेटच्या बाजूने तीव्र उतारावरून येणारी भोटेकोशी ग्रेड ४-५ची, तिथे नवख्यांनी हौस भागवायला जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे सीझन. जून ते सप्टेंबर पावसाने नद्या फुगतात, तेव्हा डिस्काउंट दिसला म्हणून भुलू नका.

‘आम्ही कोलाडला केलंय की!’ छान. पण कुंडलिकेत धरणातून सोडलेलं पाणी असतं. हिमालयातल्या बऱ्याच नद्यांत बर्फ वितळून आलेलं गार पाणी असतं, पडलात तर आधी श्वासच अडकतो.

पैसे देण्याआधी आणखी काही विचारा. सोबत सेफ्टी कयाक आहे का? गाइड या टप्प्यावर किती वर्षं आहे? हेल्मेट आहे का? लाइफ जॅकेट घातल्यावर मित्राला ते खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर सैल आहे, दुसरं मागा. ट्रॅव्हल इन्शुरन्सही वाचा, प्रत्येक पॉलिसीत राफ्टिंग धरलेलं नसतं. आणि गाइड सूचना देत असताना सेल्फी बंद! पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, दगडांत पाय अडकला की वरून येणारं पाणी तुम्हाला खाली दाबतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो, ज्याला पोहता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. सगळे ‘चल रे, काही होत नाही’ म्हणतात आणि तो गप्प बसून पैसे भरतो. राफ्टमध्ये सगळ्यांना एकाच वेळी वल्हं मारावं लागतं. भर लाटेत तो गोठला तर ती बाजू लंगडी पडते आणि राफ्ट आडवी होते. म्हणजे धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. तेव्हा नदी ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात धीट मेंबरकडे बघू नका, सगळ्यात घाबरलेल्याकडे बघा. त्याला झेपेल ती तुमची ग्रेड.

आणि तो घाबरलेला मेंबर तुम्हीच असाल, तर थामेलमध्येच बोला. ‘मला पोहता येत नाही’ म्हणायला दोन सेकंद लागतात. मित्र चिडवतील, संध्याकाळपर्यंत विसरतील. नदीच्या मधोमध मात्र ‘थांबा, मला उतरायचंय’ म्हणायची सोय नसते.