दुबईत फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी एवढं तपासा

मानखुर्दमध्ये रूम घ्यायची म्हटली की आपण किती चौकशी करतो! फोटोपास कुणाच्या नावावर, लाईट बिल कुणाचं, आधीच्या मालकाचे कागद आहेत का, शेजारी काय म्हणतात. पण तोच माणूस दुबईतला फ्लॅट मोबाईलवरचा व्हिडिओ बघून बुक करतो. हॉटेलात प्रदर्शन असतं, एजंट गोड बोलतो, "आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल" म्हणतो, आणि आखातात घाम गाळून जमवलेली पुंजी अडकते.

बाजार एक नाही, अनेक आहेत

संयुक्त अरब अमिरातीत सात अमिराती आहेत आणि जमिनीची नोंद प्रत्येकाची वेगळी. दुबईचा नियम शारजा किंवा अजमानला लागू होत नाही. दुबईतही परदेशी माणसाला हवं तिथे घर घेता येत नाही. 2006 च्या कायदा क्रमांक 7 नुसार ठरवून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकी मिळते. म्हणून पहिला प्रश्न हा: फ्लॅट कुठल्या अमिरातीत, आणि मालकी कायमची की ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याची?

शिवाय एकच फ्लॅट चार एजंट चार भावांनी दाखवतात. खरा भाव जाहिरातीत नसतो, झालेल्या व्यवहारांत असतो. दुबईच्या भूमी विभागाकडे, म्हणजे दुबई लँड डिपार्टमेंटकडे, त्या व्यवहारांची नोंद असते. त्याच विभागाच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर एजंटचा परवाना आणि प्रकल्पाचं काम कुठवर आलं तेही बघता येतं.

बांधकाम चालू असेल तर

2008 च्या मंदीत दुबईतले भाव कोसळले, कित्येक प्रकल्प अर्धवट राहिले. अशा वेळी कामाला येतो 2007 चा कायदा क्रमांक 8. ग्राहकांचे पैसे बिल्डरने प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच ठेवायचे असतात. त्यामुळे हप्ता त्याच खात्यात भरा. एजंटच्या खात्यात नाही, कुणाच्या हातात रोख तर मुळीच नाही. 'उकूद' ही प्राथमिक नोंदणी झाली का, तेही विचारा. फ्लॅट तयार झाल्यावर मालकीपत्र मिळतं, तोवर हीच नोंद तुमचा आधार.

खर्चही आधीच धरा. भूमी विभागाची फी 4 टक्के, एजंटचं कमिशन साधारण 2 टक्के. म्हणजे 10 लाख दिरहमच्या फ्लॅटवर 60 हजार दिरहम वरचे. त्यानंतर दरवर्षी इमारतीचा सर्व्हिस चार्ज आहेच.

पैसे कसे पाठवायचे?

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवू शकतो. हे होतात साधारण 9 लाख 18 हजार दिरहम. म्हणजे 10 लाखांचा फ्लॅट एकट्याने एका वर्षात पूर्ण पैसे भरून घेता येत नाही. घरातल्या दोघांची मर्यादा एकत्र करायची असेल, तर दोघंही सहमालक हवेत. वर्षाला 10 लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस कापते. रिटर्न भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो.

"हवाल्याने पाठवू, टॅक्स वाचेल" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड आहे. तितक्या किमतीची तुमची भारतातली मालमत्ता जप्त होऊ शकते. दुबईतल्या फ्लॅटपायी इथलं राहतं घर धोक्यात घालायचं का?

जे भाऊ तिथे नोकरीला आहेत, त्यांचं वेगळं आहे. तिथल्या कमाईतून त्यांनी घर घेतलं, तर भारतात परतल्यावरही फेमाच्या कलम 6(4) प्रमाणे ते ठेवता येतं. मात्र भारतातले सामान्य रहिवासी झाल्यावर ते घर आणि त्याचं भाडं आयकर रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. लपवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.

व्याज नको असेल तर

तिथे नोकरी करणाऱ्यांना इस्लामी बँकांचा 'इजारा' हा पर्याय आहे. बँक घर विकत घेऊन तुम्हाला भाड्याने देते, शेवटी मालकी तुमच्याकडे येते. पण नाव इजारा आहे म्हणून डोळे झाकून सही करू नका. भाडं मधे वाढतं का? हप्ता चुकला तर काय? ताबा मिळण्याआधीच भाडं सुरू होतं का? ही उत्तरं लेखी घ्या आणि जाणत्या आलिमांना दाखवा.

आणखी एक गोष्ट, जी आपण टाळतो. या घराची माहिती बायको-मुलांना द्या. मालक अचानक गेला, तर वारसांना दुबईच्या कोर्टकचेरीत उभं राहावं लागतं. मालकीपत्र, पावत्या, बँकेच्या नोंदी यांची एक फाईल मानखुर्दच्या घरात असू द्या.

इथली रूम घेताना जेवढे प्रश्न विचारता, तिथला फ्लॅट घेताना त्याच्या दुप्पट विचारा. आणि एजंटला घाई असेल तर त्याला असू द्या, तुम्ही करू नका.