राजगडची वाट

पुणे जिल्ह्यात नसरापूरहून वेल्ह्यास जाताना मार्गासनी हे गाव लागते. येथून फुटणारा रस्ता साखर गावावरून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यास पोहोचतो. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी हा गड उभारला. पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला, अशी त्याची रचना आहे. एखादी माची शत्रूच्या हाती पडली, तरी बालेकिल्ला लढवता येई. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी येथेच होती. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत राजगड आहे.

या गडाने मोगलांचा वेढाही सोसला. परंतु त्याच्या दगडावर कोणी आपले नाव कोरले, तर तो घाव भरून येत नाही. वारसा जपणे हे आता पाहणाऱ्यांच्याच हाती आहे.